कारवानीची प्रॅक्टिकल

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत परीक्षेतून कोणाचीच सुटका नाही. सहावीतल्या पोराला फाउंडेशन, दहावी झालेल्याला नीट, नीट दिलेल्याला रिपीट, आणि या कशातच जीव न रमलेल्याला पोलीस भरती. ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला तो परीक्षेच्या जोरावर. निकालाच्या दिवसांत दोन्ही शहरांतल्या चौकांत फ्लेक्सवरून इतकी गुणवंत पोरं हात बांधून बघत असतात, की रस्ता ओलांडणाऱ्याला स्वतःचे टक्के आठवून उगाच ओशाळायला होतं. अशा मुलखात एकच जीव बिनपरीक्षेचा मोठेपणा मिरवत हिंडतो, आणि तो म्हणजे कारवानी कुत्रा. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट, बारीक उंच पाय आणि चेहऱ्यावर नुकतंच कोणीतरी अपमान केल्याचा भाव. कानांवर आणि शेपटीवर रेशमी केस असले तर तो पश्मी. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव याच कुत्र्यांसाठी ओळखलं जातं आणि लांबलांबचे हौशी लोक पिल्लासाठी तिथे येतात. या कुत्र्याला निसर्गानं आणि माणसानं मिळून एकाच कामासाठी घडवलं आहे : डोळ्याला दिसलेल्या, पळणाऱ्या वस्तूमागे तिच्यापेक्षा जोरात पळणं. नाकानं माग काढणाऱ्यांतला हा नव्हे, राखणीचाही याचा पिंड नाही. आणि नेमकी ही एकच गोष्ट कोणी तपासत नाही. थिअरीला पैकीच्या पैकी मिळवलेल्या या विद्यार्थ्याची प्रॅक्टिकल कधी झालेलीच नाही. ती घ्यावी, आणि लवकर घ्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

ही सूट किती अजब आहे ते माळेगावात उघड होतं. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यात, मार्गशीर्षात खंडोबाची मोठी यात्रा भरते. भंडारा उधळला जातो, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ होतं, आणि त्याच माळावर घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरं, कुस्त्या, लावणी असा सगळा संसार मांडलेला असतो. इथे बिनचाचणीचं कोणी सुटत नाही. घोडा घेणारा म्हणतो, आधी चाल दाखवा. मग मालक त्याच्यावर बसून धूळ उडवत दोन फेऱ्या मारतो. बैल घेणारा दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. गाढवाचं गिऱ्हाईकसुद्धा ओझं पेलेल की नाही याचा अंदाज घेतल्याशिवाय नोट सोडत नाही. पैलवानाला नुसता लंगोट घालून उभं केलं आणि दंड मोजून कुस्ती निकाली काढली, तर आखाड्यात पंचालाच चितपट करतील. लावणीला तर न नाचता बक्षीस देण्याची पद्धतच नाही. आणि श्वानप्रदर्शनात? जगातल्या कुठल्याही श्वानप्रदर्शनात होतं तेच. उंची बघतात, दात बघतात, छातीवरून हात फिरवतात, शेपटीचा बाक बघतात आणि फार तर दुडक्या चालीनं एक फेरी मारायला लावतात. ज्याचं सगळं शहाणपण चौखूर उधळण्यात आहे, त्याला पट्ट्यात धरून, मान वर करून, स्तब्ध उभं केलं जातं आणि जो जास्त स्तब्ध तो पहिला येतो. खुद्द ज्या देवाची ही यात्रा, त्याच्या टाकांवर आणि चित्रांत पाहावं. खंडोबाच्या घोड्याबरोबर त्याचा कुत्रा असतो, आणि घोडा पळत असेल तर तोही पळत असतो. देवानं त्याची उंची मोजल्याचं कुठल्याही चित्रात दिसत नाही.

परीक्षा नसली की जे होतं ते इथेही झालं आहे : तोंडी गुण वाढत गेले आहेत. कुठल्याही कारवानी मालकाच्या ओट्यावर पाच मिनिटं बसा. “आमचं कुत्रं म्हणजे काय पळायलंय म्हणून सांगू! वारं मागं राहतंय.” पुरावा विचारला तर बुलेटशेजारी पळवल्याची हकिकत येते, बुलेटचा काटा त्या दिवशी ऐंशीवर होता, एरवी तो बंद असतो. ग्रेहाउंड हा जगातला सर्वांत वेगवान कुत्रा समजला जातो आणि तो जेमतेम सत्तरच्या आसपास पोचतो. पण ग्रेहाउंडला मोकळा वारा आणि लोह्याचा रस्ता मिळालेला नाही, असं त्यावर उत्तर असतं. यानंतर सशाची गोष्ट निघते आणि इथे मालक फार नाजूक जागी पाय ठेवतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या ऐसपैस आहे. नुसतं मारणं नव्हे, तर पकडणं, मागे कुत्री घालून पळवणं, हाकणं, आणि यातल्या कशाचाही केवळ प्रयत्न करणं ही शिकारच आहे. म्हणजे ‘आमच्या टायगरनं गेल्या साली चार ससे धरले’ हे वाक्य अभिमानानं सुरू होतं आणि कायद्याच्या भाषेत कबुलीजबाब म्हणून संपतं. ऐकणाऱ्यांत वनरक्षकाचा मेव्हणा बसलेला असेल तर पंचनामाही तिथेच होऊ शकतो. मालकाची अशी दोन्हीकडून कोंडी झाली आहे. कुत्रा पळतो हे सिद्ध केलं तर तो गुन्हेगार, आणि सिद्ध केलं नाही तर थापाड्या. बहुतेकांनी थापाड्या होणं पसंत केलं आहे, ही त्यांच्या कायदापालनाची मोठी साक्ष आहे.

यात हसण्यापलीकडचं नुकसानही आहे. ज्या जातीची निवड उभ्यानं होते ती हळूहळू उभं राहण्यातच तरबेज होत जाते. इंग्लंड-अमेरिकेत हे घडून गेलं आहे. तिथे कित्येक कामकरी जातींच्या दोन वेगळ्या वाटा झाल्या : एक प्रदर्शनाची, एक कामाची. नाव एक, कुळी एक. पण शेतावर पक्षी उचलून आणणारा लॅब्राडोर अंगानं सडसडीत आणि प्रदर्शनात रिबन घेणारा चांगलाच भरलेला. ग्रेहाउंडमध्येही धावपट्टीवरचे वेगळे आणि गालिच्यावरचे वेगळे. 2008 साली बीबीसीनं एका माहितीपटात दिसण्यासाठी केलेल्या पैदाशीचे परिणाम दाखवले आणि त्यानंतर क्रफ्ट्स या नामांकित प्रदर्शनाचं प्रक्षेपणही थांबवलं. आपल्याकडे कारवानीच्या वाट्याला आलेला बराचसा मान त्याला न पळवताच मिळालेला आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला या कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि त्यांचा ‘मुधोळ हाउंड’ झाला. 2005च्या जानेवारीत टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं. 2020च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं. एका श्वानसंस्थेच्या दप्तरी हाच कुत्रा कॅरावान हाउंड, दुसरीच्या दप्तरी मुधोळ, जानवळात कारवानी, आणि घरी शेरू. एवढ्या नावांनी, तिकिटांनी आणि भाषणांनी गौरवलेल्या उमेदवाराला पळायला लावून पाहिलं ते बहुधा एका लष्करानं. मेरठच्या प्रशिक्षण केंद्रात मुधोळ कुत्री नेऊन त्यांच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेतलं गेलं. बाकीच्यांनी त्याचं फक्त कौतुक केलं.

तर मग ससा न मारता, कायदा न मोडता परीक्षा घ्यायची कशी? उत्तर तयार आहे आणि जुनंही आहे. सिकंदराच्या स्वाऱ्यांचा इतिहास लिहिणारा एरियन दुसऱ्या शतकात कुत्र्यांवरही लिहून गेला. खरा शौकीन ससा पकडण्यासाठी कुत्रा सोडत नाही, शर्यत बघण्यासाठी सोडतो, आणि ससा निसटला तर त्याला आनंदच होतो, असं त्याचं म्हणणं. इंग्लंडात 1836पासून वॉटर्लू कप नावाची सशामागची मोठी स्पर्धा भरत असे. तिथे गुण मिळत ते वेगाचे आणि सशाला वळायला लावण्याचे; पण नियम सशाला वाचून दाखवलेले नसल्यानं तो अधूनमधून मरायचाच. 2005 साली बंदीचा कायदा लागू झाला आणि स्पर्धा संपली. अमेरिकेत मात्र काही शहाण्यांनी त्याआधीच ससाच बदलून टाकला होता. मैदानात कप्प्या ठोकायच्या, त्यांतून वेडीवाकडी दोरी फिरवायची, दोरीला पांढरी पिशवी बांधायची आणि मोटरनं ती खेचायची. दृष्टीवर चालणाऱ्या कुत्र्याला पळतं पांढरं काही दिसलं की पुरे. त्याचं आधारकार्ड तो मागत नाही. या चाचण्या भरवणारी तिथली संघटना 1972ची, म्हणजे आपल्या वन्यजीव कायद्याच्याच वर्षी जन्मलेली. आपण त्या वर्षी ससा वाचवला, त्यांनी त्याच वर्षी त्याचा पर्याय चालू केला. दोन्ही बातम्या एकमेकींना अजून भेटलेल्या नाहीत.

पद्धत आपल्या मातीत रुजवायला थोडी डागडुजी लागेल. पहिली अडचण पिशवीचीच. महाराष्ट्रानं मार्च 2018मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली, त्यामुळे खोट्या सशाची शिकारही इथे बेकायदा ठरते. जुन्या धोतराची पट्टी बांधावी. पळताना ती जास्त फडफडते. दुसरी अडचण विजेची. शेतीपंपाची वीज कधी दिवसा तर कधी रात्री, असा हिशेब असल्यानं चाचणी मध्यरात्री घ्यायची पाळी येईल आणि दृष्टीवर चालणारा कुत्रा अंधारात गृहस्थासारखा झोपून राहील. म्हणून मोटर बॅटरीवरची घ्यावी. तिसरी अडचण रानाची. मार्गशीर्षात हरभरा उभा असतो, तुरीची काढणी चालू असते, आणि उघड्या काळ्या रानात ढेकळांवर कुत्र्याचा पाय मुरगळायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा बालाघाटाच्या अंगाचा सपाट माळ धरावा आणि दगड आधी वेचून घ्यावेत. वेळ मात्र आपोआप बरोबर जुळून येते. यात्रेच्या दिवसांत पहाटेचा गारवा असतो, आणि ही परीक्षा लातूरच्या एप्रिलमध्ये घेणं म्हणजे कुत्र्याला जाणूनबुजून नापास करणं. गुणपत्रिकेबद्दल तर लातूरकरांना समजावून सांगायला नको. अमेरिकेतल्या पद्धतीत 100 गुण असतात : माग धरून ठेवण्याचे 15, उत्साहाचे 15, वेगाचे 25, चपळाईचे 25 आणि दमाचे 20. ही विभागणी जाहीर झाली की दोन दिवसांत ‘उत्साह’ या विषयाचे स्वतंत्र क्लासेस निघतील, याची मला खात्री आहे. तीन कुत्री एकत्र सुटतात आणि ओळखू यावीत म्हणून पिवळी, गुलाबी आणि निळी अशी जाकिटं घालतात. आपल्याकडे एवढंच आधी जाहीर करावं लागेल की रंगांमागे कोणताही पक्ष नाही.

पहिला मोठा आक्षेप घरच्या कुत्र्याचा. शहरातल्या फ्लॅटमध्ये दूध-चपाती खाऊन, सोफ्यावर उताणं पडून वाढलेलं कारवानी माळावर काय पळणार, त्याला त्या तमाशात न्यायचं कशाला? आक्षेपातलं वर्णन खरं आहे, निष्कर्ष उलटा आहे. दहावीला पोरगं अभ्यास करत नाही म्हणून कोणी परीक्षा रद्द करा म्हणत नाही. शिवाय पहिल्या चाचणीत काय काय होतं त्याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही. एक कुत्रा सुटल्याबरोबर उलटा फिरून मालकाकडे येईल. दुसरा पट्टीऐवजी शेजारच्या कुत्र्याशी खेळायला लागेल. तिसरा जोरात निघेल, पहिल्याच वळणावर थांबेल, कप्पीवर पाय वर करेल आणि कार्य उरकल्याच्या समाधानानं भज्यांच्या गाड्याकडे वळेल. चौथा अतिशय हुशार असेल. ही दोरी फिरून इथेच येणार हे ओळखून तो मधून आडवा जाईल आणि पट्टी धरून बसेल. त्याला माग सोडल्याबद्दल गुण कमी मिळतील आणि मालक पंचांशी भांडेल. पण यातली एकही गोष्ट वाया जात नाही. उलटा आलेला कुत्रा माणसाळलेला आहे, खेळणारा अजून कच्चा आहे, थांबलेल्याचा दम कमी आहे, आडवा गेलेला अक्कलवान आहे. उभ्या परीक्षेत हे चौघेही सारखेच सुबक दिसले असते. आणि दहातला एखादा, कालपर्यंत सोफ्यावरून न उठणारा, पट्टी हलताच असा काही निघेल की प्रत्येक झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटलेले दिसतील. ती धाव त्याला कोणी शिकवलेली नसते. ती रक्तात आहे की नाही, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

दुसरा आक्षेप सात्त्विक मंडळींचा : मुक्या जनावराला खोट्या सशामागे पळवणं ही फसवणूक आहे. ज्या प्रजेला दर निवडणुकीत आश्वासनांची पट्टी दोरीवरून फिरवून दाखवली जाते, आणि जी दर पाच वर्षांनी तितक्याच उत्साहानं उठते, तिनं कुत्र्याच्या फसवणुकीबद्दल एवढं हळवं व्हावं हे मला कौतुकाचं वाटतं. फरक एवढाच, की शर्यत संपल्यावर कुत्र्याला ती पट्टी खरोखर धरू देतात. तिसरा आक्षेप स्वदेशीचा : हे परदेशी थेर आपल्याला कशाला? 2016च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ते कुठल्या नदीचं, असं विचारत कोणी घागर उपडी धरून उभं राहिलं नव्हतं. गरजेची वस्तू जिथून मिळते तिथून आणावी. आणि दोरी, कप्पी, मोटर यांतलं काही इथे नवं नाही, शेतकऱ्यानं विहिरीवर पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं.

दोन आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. एक जुगाराचा. जिथे जनावर पळतं तिथे पैसा त्याच्याही पुढे पळतो, आणि पैसा आला की औषधं, मारझोड आणि हरलेल्या जनावराची वाताहत मागोमाग येते. म्हणूनच ही शर्यत नसावी, परीक्षा असावी. आधी कोण पोचला एवढंच बघायचं असलं तर पैज लावणं सोपं. पाच विषयांची बेरीज, दोन पंच आणि पहिला येणारा बहुधा वळणावर घसरलेला, अशा हिशेबावर पैज लावायला फारच निष्ठावान जुगारी लागेल. दुसरा आक्षेप असा, की खोट्यावर तयार झालेला कुत्रा उद्या खऱ्या सशावर सोडला जाईल. सोडणारे आजही सोडतात, आणि त्यांना चाचणीची वाट बघावी लागत नाही. उलट आज ज्याला आपल्या कुत्र्याची शान दाखवायची आहे त्याच्यासमोर बेकायदा रान एवढाच रस्ता आहे; त्याला चारचौघांत, दिवसाढवळ्या, पंचांपुढे दाखवायची जागा दिली तर निदान त्याची सबब तरी जाते. बैलगाड्यांच्या शर्यतीचा धडा समोर आहे. 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, 2021च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि 2023च्या मे महिन्यात राज्याचा कायदा टिकला. मधली सात वर्षं भांडणात गेली, कारण नियम आधी नव्हते, नंतर आले. कुत्र्यांच्या बाबतीत उलट क्रम लावावा : आधी प्रशासनाची परवानगी आणि पशुवैद्य, वर्षाच्या आतलं पिल्लू नको, माजावरची मादी नको, लंगडतं जनावर नको, पिण्याचं पाणी आणि सावली आधी, आणि मगच मोटर.

खरी हरकत मात्र यातली एकही नाही, आणि ती तोंडानं कोणी घेणारही नाही. मालकांना भीती कुत्र्याच्या हरण्याची नाही, स्वतःच्या गोष्टीच्या मरण्याची आहे. ओट्यावर ऐंशीनं पळणाऱ्या कुत्र्याला माळावर चाळीसनं पळताना सगळ्या गावानं बघितलं, की पुढच्या वर्षी सांगायचं काय? मला वाटतं, ही किंमत मोजण्यासारखी आहे. पळून नापास झालेल्या कुत्र्याचं पुढे काहीतरी करता येतं. त्याची जोड जास्त दमाच्या मादीशी लावता येते, त्याच्या पिल्लांवर लक्ष ठेवता येतं, जानवळातल्या जाणत्या माणसाला आकडे दाखवून सल्ला विचारता येतो. उभ्या उभ्या पहिला आलेल्याच्या वंशात काय बुडत चाललं आहे, हे मात्र ते पुरतं बुडेपर्यंत कोणाला कळत नाही. म्हणून पुढच्या मार्गशीर्षाला माळेगावच्या वाटेवरच्या एखाद्या माळावर ही प्रॅक्टिकल भरावी. साहित्य फार लागत नाही. पाऊण किलोमीटर दोरी, वीस-पंचवीस कप्प्या, एक मोटर, जुन्या धोतराची पट्टी, आणि स्वतःच्या कुत्र्याची पाळी येईपर्यंत गप्प बसणारा मालक. पहिल्या चार वस्तू लोह्याच्या बाजारात मिळून जातील.